ऑल-इनचा त्रिकोण: लाइव्ह टेबलवर पहिल्यांदा बसताय तर हे वाचून जा

ॲपवर पोकर शिकलेला माणूस लाइव्ह टेबलवर पहिल्यांदा फसतो तो ऐकण्यात. ॲपवर कोणी ऑल-इन गेलं, म्हणजे आपले सगळे चिप्स लावले, की त्याच्या फोटोखाली मोठ्या अक्षरात लिहून येतं, आकडा दिसतो, तुमच्याकडे किती आहेत तेही बटणावर छापलेलं असतं, चूक करायची म्हटलं तरी सॉफ्टवेअर करू देत नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये ऑनलाइन गेमिंगचा कायदा आला आणि पैशाचे ॲप बंद झाले, त्यानंतर आपल्याकडची बरीच पोरं थेट गोव्याला जाऊन टूर्नामेंटला बसायला लागली, आणि तिथे गेल्यावर कळतं की इथे काहीच लिहून येत नाही. नऊ माणसं बसलेली असतात, दोघांच्या कानात हेडफोन, एकजण ज्यूस मागवतोय, शेजारच्या टेबलवर कोणाचं तरी फुल हाऊस लागलं म्हणून आरडाओरडा, आणि त्या गोंधळात तिसऱ्या सीटवरचा माणूस पुटपुटतो "...ऑल".

आता तो ऑल-इन म्हणाला की कॉल, म्हणजे समोरच्याने लावलंय तेवढंच लावतो, असं म्हणाला? दोन्हीत एका क चा फरक आहे राव. याच एका क साठी टेबलवर तो प्लास्टिकचा तुकडा असतो ज्याच्यावर आज लिहितोय. बहुतेक ठिकाणी त्रिकोणी असतो, काही ठिकाणी गोल, तळहातात मावेल एवढा, वर ऑल-इन लिहिलेलं. कोणी बटण म्हणतं, कोणी मार्कर, बरेच जण नुसतं ट्रँगल. कोणी सगळे चिप्स लावले की डीलर तो त्याच्या पुढ्यात सरकवतो. दिसायला किरकोळ, पण नव्या माणसाला टेबलवरची सगळ्यात कामाची वस्तू हीच आहे असं माझं मत आहे, आणि ते मी २००० चिप्स घालवून बनवलंय, तो किस्सा पुढे येतोच.

आधी बसण्यापूर्वीचं थोडक्यात उरकतो. पणजीला मांडवीत ज्या कॅसिनो बोटी उभ्या आहेत तिथे जायचं असेल तर वय २१ पूर्ण पाहिजे, ओळखपत्र घेऊन जा. टेबलवर बसलात की डीलरकडे बघा, चिप ट्रेच्या आसपास मार्कर दिसतायत का. टीडीए म्हणून टूर्नामेंट डायरेक्टर लोकांची संघटना आहे, २००१ ची, जगभर बऱ्याच रूममध्ये तिचेच नियम थोडेफार फरकाने चालतात, आणि त्यांची शिफारस अशी आहे की मार्कर डीलरकडे राहावेत, प्रत्येक खेळाडूला वाटू नयेत. कारण उघड आहे, हातात असलं की माणूस खेळत बसतो, बोटावर फिरवतो, आणि चुकून पुढे सरकला तर मग भांडण. तरी काही ठिकाणी प्रत्येकाला एकेक देतात. तसं असेल तर पहिल्या हँडच्या, म्हणजे डावाच्या, आधीच डीलरला विचारा की "हा पुढे टाकला तर ऑल-इन धरता का?" आणि उत्तर मिळेपर्यंत त्याला हात लावू नका. लाजायचं काही नाही, डीलरला असले प्रश्न रोज येतात.

आता समजा ऑल-इन तुम्हालाच जायचंय. पायरी एक, तुमची पाळी आलीये का बघा. पायरी दोन, तोंडाने बोला, मोठ्याने, आणि चिप्सना हात लावायच्या आधी बोला. "ऑल-इन." एवढंच. "माझं सगळं", "ठोकतो", "जाऊ दे बॉक्स" असलं काही नको. आपल्याकडे दिवाळीत तीन पत्ती खेळून आलेल्यांना चाल, पॅक, शो अशी सवय असते आणि ती जीभ लगेच सुटत नाही, पण पोकर टेबलवर ठरलेले शब्द सोडून काही बोललात तर त्याचा अर्थ फ्लोअर, म्हणजे टेबलवरच्या वादाचा निकाल देणारा माणूस, लावेल तो, धोका तुमचा. हँड चालू असताना मित्राशी मराठीत काही बोललात तरी डीलर टोकतो, त्या रूममध्ये जी भाषा ठरलेली आहे तीच हँडमध्ये वापरायची असा नियम असतो, त्यात राग मानू नका, समोरच्याला वाटतं तुम्ही पत्ते सांगताय.

पायरी तीन, बोलून झालं की थांबा. हे महत्त्वाचं आहे आणि कोणी सांगत नाही. पिक्चरमध्ये दाखवतात तसे सगळे चिप्स दोन्ही हातांनी पॉटमध्ये, म्हणजे मधल्या ढिगात, ढकलायचे नाहीत, ते पडले, मिसळले, की तुमचे किती होते हे कोणालाच कळत नाही आणि डीलर तुमच्याकडे असं बघतो की विचारू नका. चिप्स जागेवर, रंगाप्रमाणे रचलेले, मोठ्या किमतीचे पुढे दिसतील असे ठेवा. वीस-वीसची थप्पी ठेवली तर मोजायला सगळ्यांना सोपं. डीलर तुमचं बोलणं परत मोठ्याने म्हणेल, "ऑल-इन, सीट तीन", आणि त्रिकोण तुमच्या पुढे येईल. तो आला की तुमचं काम झालं. नाही आला तर सांगा, "मार्कर द्या प्लीज". मी तर मागून घेतो, कारण माझा आवाज बसका आहे आणि लोकांना कॉल ऐकू येतो.

मागे एखादी चिप लपलेली राहू नये हेही बघा. फोनखाली, हाताखाली, पत्त्यांवर ठेवलेली एखादी मोठी चिप. समोरच्याने कॉल केल्यावर ती सापडली तर ती बेटमध्ये धरायची की नाही हे डायरेक्टर ठरवतो, आणि गंमत अशी की जिंकलात तर त्या चिपचे पैसे मिळतीलच असं नाही, पण हरलात तर ती वाचवून "अजून मी आहे" असं म्हणता येत नाही, ती जिंकणाऱ्याला देता येते.

आता उलट बाजू, समोरचा ऑल-इन गेलाय आणि पाळी तुमची. इथेच माझा तो किस्सा.

गोव्यातलीच एक रूम होती, नाव नको. ब्लाइंड, म्हणजे दोघांनी पत्ते बघायच्या आधीच सक्तीने भरायच्या रकमा, २००-४००. फ्लॉप, म्हणजे टेबलवरचे पहिले तीन सामाईक पत्ते, आला, पहिल्याने २००० लावले, मधला हेडफोनवाला काहीतरी म्हणाला, मला "कॉल" ऐकू आलं, चिप्स त्याने हलवले नाहीत पण मला वाटलं आळशी आहे, टाकेल सावकाश. माझ्याकडे फ्लश ड्रॉ (एकाच चिन्हाचे पाच व्हायला एक पत्ता कमी), मी ऐटीत दोन हजाराच्या चिप्स पुढे टाकल्या. डीलर म्हणतो, "सर, एकोणीस हजार आहे." मधला ऑल-इन होता! मार्कर ट्रेमध्येच पडून होता, डीलर नवीन होता, त्याने मोठ्याने सांगितलंही नव्हतं. फ्लोअरला बोलावलं, त्याने तिघांचं ऐकलं, डीलरला विचारलं अनाउन्स केलं होतं का, तो मान हलवून नाही म्हणाला. निकाल असा लागला की माझे २००० पॉटमध्ये राहतील आणि मग मी वाटलं तर पूर्ण कॉल करू शकतो नाहीतर फोल्ड, म्हणजे पत्ते टाकून हँड सोडायचा. मी फोल्ड केलं, कान लाल झाले होते, पत्ते कुठले आठवतायत. (रिव्हरला, म्हणजे शेवटच्या पत्त्यावर, माझा फ्लश लागला. असो.)

पण हे वाचून असं समजू नका की चुकून टाकलं तर नेहमी सोडतात. मी वाचलो कारण हँडमध्ये तिघे होतो आणि माझ्यासमोर जी रक्कम होती ती त्या राउंडची पहिली बेट नव्हती, तिच्यावर वाढवलेला रेझ होता, अशा वेळी टीडीए नियमात फ्लोअरला विचार करायला जागा आहे. हेड्स-अप असतो, म्हणजे फक्त तो आणि मी, तर कमी चिप्स टाकल्या तरी तो पूर्ण कॉल धरतात, १९,००० च्या १९,०००. आणि पहिलीच बेट ऑल-इन असेल तर जास्त लोक हँडमध्ये असले तरी तेच. ऐकू आलं नाही ही सबब नाही. कॉल करणाऱ्याने रकमेची खात्री स्वतः करायची असा नियम आहे, इतका कडक की डीलरने मोजून चुकीचा आकडा सांगितला आणि तुम्ही त्यावर कॉल केलात तरी खरी रक्कमच लागू होते. नव्या लोकांना हे अन्यायकारक वाटतं, मलाही वाटायचं, पण दुसरा काही नियम ठेवला तर प्रत्येक हरणारा म्हणेल मला वेगळा आकडा सांगितला.

म्हणून कॉलच्या आधी तीन गोष्टी, याच क्रमाने. डोळे आधी सगळ्यांच्या पुढ्यात फिरवा, त्रिकोण कुठे कुठे आहे, एक आहे की दोन. मग हात मांडीवर ठेवून डीलरला विचारा, "किती आहे?" ऑल-इन समोर असेल तर नेमका आकडा मागायचा तुम्हाला हक्क आहे, डीलर चिप्स पसरून मोजून दाखवेल. ऑल-इन नसेल तर नेमकं मोजून मिळत नाही, नुसता अंदाज घ्यायचा, म्हणजे हा मार्कर तुम्हाला हक्क पण देतो बघा. आणि तिसरं, स्वतःचे चिप्स मोजा, त्याचे जास्त की तुमचे. मग बोला, कॉल किंवा फोल्ड.

विचार करताना एक चिप सहज पुढे टाकायची सवय असेल तर ती घरी ठेवून या. टीव्हीवर मोठे खेळाडू एकच चिप टिचकीने टाकतात तो स्टाइल मारण्याचा प्रकार नाही, तो कॉल असतो. ऑल-इनच्या समोर तुम्ही १०० ची चिप न बोलता आत टाकली की गेलात.

दोघांनी चिप्स लावले, त्या दोघांशिवाय बेट करणारं कोणी उरलं नाही, की टूर्नामेंटमध्ये पत्ते लगेच उघडे करायचे. लपवून बसायचं नाही, "आधी तू दाखव" नाही. कॅश टेबलवर बऱ्याच ठिकाणी ही सक्ती नसते, तिथे शेवटपर्यंत झाकून ठेवता येतात, आणि मार्करही तिथे कमीच दिसतो.

आता साइड पॉट, म्हणजे कमी चिप्सवाल्याचा ज्यात वाटा नाही तो वेगळा ढीग. हा भाग जरा शांतपणे वाचा, कारण मार्करचा खरा उपयोग इथे आहे, दोन-तीन लोक वेगवेगळ्या रकमेचे ऑल-इन असले की टेबलवर नुसता बाजार भरतो.

ब्लाइंड तेच २००-४००, बिग ब्लाइंडने, म्हणजे ४०० वाल्याने, वर ४०० चा अँटे (आणखी एक सक्तीची रक्कम) भरलाय. सीट २ कडे फक्त ३२०० आहेत, तो ऑल-इन, त्रिकोण. सीट ५ कडे ९०००, तोही ऑल-इन, दुसरा त्रिकोण. सीट ७ कडे १४,०००, तो कॉल करतो. दोन्ही ब्लाइंड फोल्ड. सीट ७ ला त्रिकोण मिळत नाही, कारण ९००० देऊन त्याच्याकडे ५००० मागे उरतात, तो हरला तरी टेबलवर राहणार. हे एका नजरेत दिसतं, हाच फायदा. ज्याच्या पुढे त्रिकोण त्याचा जीव टांगणीला.

डीलर नेहमी सगळ्यात लहान स्टॅकपासून सुरू करतो. सीट २ चे ३२००, मग बाकी दोघांकडून ३२००-३२००, म्हणजे ९६००, त्यात ब्लाइंड आणि अँटेचे १०००, झाला मेन पॉट १०,६००. सीट ५ चे ५८०० उरले, सीट ७ चे तेवढेच, झाला साइड पॉट ११,६००, आणि त्यात सीट २ चा काही संबंध नाही. चांगला डीलर हे कसं करतो ते बघण्यासारखं असतं, एक थप्पी मोजतो, दुसरी तिला चिकटवून उभी करतो आणि वरच्या जादा चिप्स बोटाने अलगद सरकवून मालकाकडे परत, आकडे बोलत पण नाही. एकदा मी नुसता ते बघत बसलो आणि माझी पाळी आली तरी लक्ष नाही.

शोडाउनला, म्हणजे शेवटी पत्ते उघडून ताडताना, साइड पॉट आधी सुटतो. समजा सीट २ चे पत्ते सगळ्यात भारी, सीट ७ चे त्याखालोखाल. सीट ७ ला ११,६०० मिळाले, सीट २ ला १०,६००, सीट ५ घरी. आणि सीट ७, जो त्या हँडमध्ये सीट २ कडून हरलाय, त्याच्याकडे आता १६,६०० आहेत, आधीपेक्षा २६०० जास्त. नवीन माणूस इथे हमखास म्हणतो "अरे पण तो तर हरला ना?" म्हणून सांगतो, साइड पॉट ही वेगळी लढाई आहे, वेगळी धरूनच बघा.

एकच जण ऑल-इन असेल आणि मागे दोघांकडे चिप्स असतील तर ते दोघे साइड पॉटसाठी पुढे बेट करू शकतात, त्रिकोणवाल्याला कोणी विचारत नाही, त्याची पाळी सोडून पुढे जायचं. इथे आपली माणसं एक चूक हटकून करतात, प्रेमाने करतात: "चल ना दोघं चेक चेक करू, याला बाहेर काढू." (चेक म्हणजे काही न लावता पाळी सोडणं.) असं बोलायचं नाही. मनातल्या मनात तुम्ही चेक करा कितीही, पण तोंडाने ठरवलंत तर ते संगनमत झालं, पेनल्टी बसते.

मार्करच्या काही गोष्टी गृहीत धरू नका. एक म्हणजे तो रक्कम सांगत नाही. फ्लॉपवर कोणी १००० लावले, एकाने कॉल केला, तिसरा ऑल-इन गेला पण त्याच्याकडे होतेच १४००. पूर्ण रेझ व्हायला २००० लागले असते. त्रिकोण पडला म्हणून पहिला माणूस परत रेझ करायला जातो, पण त्याला ती मुभा नाही, ते वरचे ४०० द्यायचे नाहीतर फोल्ड करायचं, कारण पूर्ण रेझ झालाच नाही, तो आधीच खेळून बसलाय. त्रिकोण बघून घाई केली की ही चूक होते.

दुसरी, तो तुमचे पत्ते सांभाळत नाही. डीलरच्या अगदी डाव्या-उजव्या हाताला बसला असाल, म्हणजे सीट १ किंवा शेवटची, तर जपून. तुम्ही ऑल-इन, त्रिकोण पुढे, तुम्ही आरामात मागे रेललात, आणि डीलरने फोल्ड झालेले पत्ते गोळा करता करता तुमचेही ओढून घेतले. झालेलं आहे असं. पत्ते राखायची जबाबदारी खेळाडूची असते, डीलरने चुकून मक केले, म्हणजे टाकलेल्या पत्त्यांत मिसळले, तर पत्ते परत मिळत नाहीत आणि तुम्ही लावलेल्या चिप्सना ज्याने कॉल केला तो त्या घेऊन जातो. कॉल व्हायच्या आधी घडलं तर निदान जादा लावलेलं परत मिळतं. म्हणून पत्त्यांवर काहीतरी वजन ठेवा, एखादी चिप, जाड नाणं. माझ्याकडे आजोबांचं तांब्याचं नाणं आहे, तेच ठेवतो.

बबलच्या वेळी, म्हणजे अजून एक-दोन माणसं बाहेर गेली की बक्षिसं सुरू, तेव्हा हँड-फॉर-हँड, म्हणजे सगळ्या टेबलांवर एकेक हँड बरोबरीने, खेळवतात आणि ऑल-इन-कॉल झालं की डीलर पुढचे पत्ते न काढता थांबतो, बाकी टेबलांचं होईपर्यंत. त्या पाच-दहा मिनिटांत पाय मोकळे करायला उठलात तरी लांब जाऊ नका आणि मार्करला, चिप्सना हात लावू नका. शांत बसवत नाही, कबूल.

घरी सराव करायचा असेल तर पैसे न लावता करा. घरात पैशावर पत्ते म्हटलं की आपल्याकडे १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा आहे, उगाच शेजाऱ्यांना विषय नको. चिप्सचा एक स्वस्त सेट, किंवा तेही नको, शेंगदाणे आणि काबुली चणे चालतात, फक्त खायचे नाहीत. मार्कर म्हणून आम्ही कॅरमची राणी वापरतो, लाल असते, लांबून दिसते, डीलर बटणाशी आणि चिप्सशी गोंधळ होत नाही. दोन ऑल-इन झाले की दुसऱ्याला स्ट्रायकर. प्रत्येकाने पाळीपाळीने डीलर व्हायचं, आणि डीलरने ठरलेलं सगळं करायचं: ऐकलं की परत म्हणायचं, सीट नंबर सांगायचा, राणी सरकवायची, मगच पुढच्याकडे बघायचं. मुद्दाम एकजण हळू आवाजात ऑल-इन म्हणेल, एकजण मध्ये एक चणा टाकेल, आणि बाकीच्यांनी ठरवायचं तो कॉल धरायचा की नाही. दोन संध्याकाळी असं केलं की गोव्यात पहिल्या दिवशी जी छाती धडधडते ती निम्मी तरी कमी होते. डीलर होऊन बघितलं की साइड पॉटही आपोआप डोक्यात बसतो, वाचून बसत नाही, माझ्या तर अजिबात बसला नव्हता.

आणि हँड संपला की राणी परत डीलरकडे. आमच्याकडे एकदा ती तशीच एकाच्या पुढ्यात राहिली, तो डबल होऊन खुशीत चहा आणायला उठलेला, पुढचा हँड वाटला गेला, त्याच्या रिकाम्या खुर्चीसमोर ऑल-इन दिसतंय आणि पलीकडचा बिचारा किंग्ज धरून पाच मिनिटं विचार करत बसलाय की कॉल करू का.